सगळं सरांनीच केलं

'प्रोफाइल' हा शब्द ज्याने कुणी आमच्या धंद्यात आणला, तो माणूस मला एकदा भेटायला हवा. नाशिकला कॉलेज रोडवर, एका केकच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर मी मॅनेजमेंटच्या मोठ्या संस्थांच्या मुलाखतींची तयारी करून घेते. परीक्षेत उत्तम मार्क मिळवलेली पोरं समोर येऊन बसतात आणि विचारतात, "मॅडम, चान्स वाढवायचा तर अजून काय करू?" पूर्वी मी सांगायचे, पेपर वाच, चार लोकांशी बोल, झोप नीट घे. आता सांगते, प्रोफाइल कर. नुसते मार्क घेऊन हजारो पोरं रांगेत उभी असतात. संस्थेला म्हणे त्यापलीकडचं काही हवं असतं. मग कुणी गोदाकाठी दोन रविवार झाडू मारतो आणि 'पर्यावरण क्षेत्रातील नेतृत्व' असं लिहून आणतो. कुणी वृद्धाश्रमात केळी वाटतो. मी ते वाचते, शब्द इकडचे तिकडे करते आणि खरं वाटेल असं करून देते. यावर माझं घर चालतं, आणि अलीकडे मला याचा मनापासून वीट आला आहे.

अमोल माझ्याकडे आला तेव्हा त्याचंही तेच होतं. मार्क चांगले, बाकी पाटी कोरी. त्याच्या घरचा लासलगावला कांद्याचा व्यापार. वडिलांनी गंगापूर रोडला बंगला बांधला, पण कुसाबाई, म्हणजे अमोलची आजी, लासलगाव सोडायला तयार नाही. पोरगा सरळ होता. खोटं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे, त्यामुळे मुलाखतीच्या सरावात मला त्याच्यावर फार मेहनत घ्यावी लागायची. एका ओळखीच्या सामाजिक संस्थेला सांगून मी त्याला हरसूलजवळच्या एका पाड्यावर पाठवलं. तिथे बायकांचा बचत गट नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व करतो, लहान मुलांना देतात ते. अमोल पावसाळ्यात काही रविवार गेला. बायकांना विक्रीबद्दल भाषण दिलं, पाकिटासाठी नवं लेबल करून दिलं. लेबल छान होतं, उगाच नावं ठेवणार नाही. शेवटच्या रविवारी बायकांनी त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, गुलाल. त्याचा व्हिडिओ त्याने मला दाखवला. गटाच्या अध्यक्ष सावित्रीबाई माइकवर सांगत होत्या, "आमचा गट उभा राहिला तो अमोल सरांमुळे. सगळं सरांनीच केलं." मी म्हटलं, वा, झालं की तुझं काम.

तृप्ती आली दिवाळीनंतर. अंबडच्या एका कंपनीत ती खरेदी विभागात होती. शनिवारी शिफ्ट संपवून क्लासला यायची आणि माझं बोलणं चालू असताना कधी कधी डोळे उघडे ठेवून झोपायची. तिचा हा तिसरा प्रयत्न. घरच्यांनी तिच्या लग्नाचं तिच्याच सांगण्यावरून थांबवून ठेवलं होतं, आणि यंदा नाही झालं तर पुन्हा या वाटेला जायचं नाही, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं. पहिल्या दोन्ही वेळांना आईला सांगितलं होतं. आईने दोन्ही वेळा नवस बोलला, आणि दोन्ही वेळा मुलाखतीनंतर नाव आलं नाही. म्हणून यंदा घरी एका शब्दाने बोलली नव्हती.

गावाचं नाव तिने 'हरसूलकडचं' एवढंच सांगितलं होतं. मीही विचारलं नाही. क्लासमध्ये इतकी पोरं असतात की कोण कुठलं हे लक्षात ठेवायची माझी उमेद कधीच संपली आहे.

जानेवारीत दोघांनाही एकाच संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. मोठी संस्था, जिचं नाव काढलं की नातेवाइकांचे चेहरे बदलतात. मुलाखतीआधी त्यांनी एक प्रश्न पाठवला होता: तुमच्यामुळे घडलेलं एक काम सांगा. दोघांनी मला उत्तरं पाठवली. मी आधी अमोलचं वाचलं, मग चहा घेतला, मग तृप्तीचं वाचलं. चहा तसाच राहिला. तोच पाडा, तोच गट, तेच सत्त्व.

कपाळावर हात मारून घेतला. एका शहरातून, एकाच क्लासमधून, एकच काम दोन उमेदवारांनी आपलं म्हणून सांगितलं, तर मुलाखत घेणारे साहेब काय समजणार? दोघंही खोटारडे. मी दोघांना एकाच वेळी बोलावलं.

अमोल आधी आला होता. दोघांच्या बॅच वेगळ्या, त्यामुळे इथे कधी गाठ पडली नव्हती. तृप्ती दारात दिसली तसा तो उठलाच. "अरे, पाड्यावरच्या ताई! तुम्ही इथे कशा?"

"क्लासला येते, सर," तृप्ती म्हणाली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. वयाने त्याच्याहून मोठी असून ती त्याला सर म्हणते आहे, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मी दोन्ही उत्तरं वाचून दाखवली. तृप्तीच्या उत्तरात सगळं होतं. पूर्वी पाड्यावरच्या बाया नागली हरसूलच्या बाजारात व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन यायच्या. तिने त्यांना सत्त्व करायला लावलं. खरी अडचण मात्र दिवाळीनंतर यायची. पाड्यावरची घरंच्या घरं द्राक्षबागांवर मजुरीला जातात, आणि बाया गेल्या की गट मोडायचा. तृप्तीने पाळ्या लावल्या: काही घरांनी मागे राहायचं, नागली भिजवायची, मोड आणायचे, दळायची, आणि बागेवर गेलेल्यांचा वाटाही बाजूला ठेवायचा. पुढच्या वर्षी राहिलेल्यांनी जायचं. यावर भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले, पण गट टिकला. हे सगळं अमोल तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीचं.

अमोलने ऐकलं. त्याचे कान लाल झाले नाहीत. तो खरोखरच गोंधळला होता.

"पण मॅडम," तो म्हणाला, "मग त्यांनी माझा सत्कार का केला?"

तृप्ती पायाकडे बघत म्हणाली, "पाहुणे होतात म्हणून, सर. बाहेरून कोणी आलं की आमच्याकडं असंच बोलतात. तुमच्या आधी दोन मुली आल्या होत्या कॉलेजच्या, त्यांनाही तसंच म्हटलं. ते भाषण मीच बसवून दिलं होतं आईला... म्हणजे बायांना."

"म्हणजे ते खोटं होतं?"

"खोटं नाही. आमची पद्धत आहे."

अमोलला हे लागलं. साहजिक होतं. ती शाल त्याने बंगल्यात दिवाणखान्यात ठेवली होती. तो म्हणाला, "मी असं कुणाच्या सांगण्यावरून माझं काम सोडणार नाही. मी त्यांनाच जाऊन विचारतो." आणि गेला. मी डोकं टेकून बसले. तृप्ती पर्सचा बंद चाळवत म्हणाली, "मॅडम, त्यांचंच ठेवा. माझ्याकडे दाखवायला काही नाही. त्यांच्याकडे व्हिडिओ आहे."

"गप्प बस," मी म्हटलं. माझा राग तिच्यावर नव्हता, पण समोर तीच होती.

अमोल रविवारी खरोखर पाड्यावर जाऊन आला. त्या रविवारी तृप्तीला कंपनीत जावं लागलं होतं, त्यामुळे ती नेहमीसारखी पाड्यावर घरी गेली नव्हती. सोमवारी संध्याकाळी दोघं पुन्हा माझ्यासमोर होते. अमोलने फोन टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ लावला.

सावित्रीबाई अंगणात उभ्या होत्या. अमोलला खुर्ची दिली होती, हातात चहा दिला होता. त्याचा आवाज आला, "मावशी, एकदा खरं सांगा. गट माझ्यामुळे उभा राहिला, का तृप्तीताईंमुळे?"

सावित्रीबाई हसल्या. पदर सावरला. "तुमच्यामुळंच की सर. सगळं तुमीच केलं. तिला काय कळतंय? ती आपली घरची पोर."

"घरची म्हणजे?"

"पोरगी हाय माझी. लय अडाणी. तुमच्यावानी शिकलेल्या मानसाचं पाहून तरी चार अक्षरं येतील तिला."

व्हिडिओ संपला. अमोलने माझ्याकडे पाहिलं. त्यात जिंकल्याचा भाव नव्हता, सुटल्याचा होता. "सख्खी आई आहे, मॅडम. सख्खी आई सांगते. आता मी काय समजू?"

तृप्ती हसली. म्हणजे हसण्यासारखं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं. गेल्या तीन वर्षांची सगळी जागरणं, सगळे शनिवार, लग्नाला दिलेले नकार, यांच्यावर तिच्या आईने चहा पाजता पाजता पाणी ओतलं होतं. तेही प्रेमाने.

मी मात्र तापले. "अमोल, एक सांग. तुमच्याकडे पाहुणे आले आणि त्यांनी तुझी चौकशी केली, की तुझी आजी काय म्हणते?"

"आजी?" तो अडखळला. "कधी?"

"कधीही. तुला परीक्षेत एवढे मार्क पडले तेव्हा लासलगावला लोक आले असतील ना पेढे खायला. कुसाबाई काय म्हणाल्या?"

मग त्याचे कान लाल झाले, पण हा लाल रंग वेगळा होता. "म्हणाली, आमचं कसलं, नुसतं गाढव आहे. शेजारच्या निकिताची पुस्तकं मिळाली म्हणून पास झालं."

"आणि तू खरंच गाढव आहेस का?"

"नाही, मॅडम."

"निकिताच्या पुस्तकांनी पास झालास?"

"पुस्तकं तिनेच माझी नेली होती." तो थांबला. फोनवरच्या थिजलेल्या चित्राकडे त्याने पाहिलं. सावित्रीबाईंचा हात अजून पदरावर होता. "मला कळायला हवं होतं," तो म्हणाला. "मी काढून टाकतो माझं उत्तर."

मला वाटलं, सुटलो. पण तृप्तीने मान हलवली. "नको, सर. संस्थेवाले कधी कधी फोन करून खात्री करतात. मी लिहिलं आणि त्यांनी गटाला फोन केला, तर जी कोणी बोलेल ती हेच सांगणार. गटातली बयाबाई बोलली तरी हेच. मला कोणी बाहेरच्यापुढे चांगलं म्हणणार नाही, आणि माझं चांगलं बोला म्हणून मी त्यांच्याकडून पाठ करून घेणार नाही. त्यापेक्षा कंपनीतलं काहीतरी लिहिते." तिचा आवाज खाली गेला. "आणि खरं सांगू मॅडम? मलाच आता वाटायला लागलंय की मी काय केलं एवढं. बाया राबल्या. मी नुसती बोलत होते."

हे मात्र मला सहन झालं नाही. परक्याच्या तोंडून ऐकलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण माझ्यासमोर एक पोर थकून थकून स्वतःचंच श्रेय टाकून द्यायला निघाली होती, आणि तिचा चान्स वाढवण्यासाठी माझ्याकडे फी भरून आली होती.

"आईला फोन लाव," मी म्हटलं. "तिला निदान कळू दे, काय झालंय ते. माझ्यासमोर लाव."

तिने नाही नाही म्हणत लावला. पाड्यावर रेंज धड नसते. आवाज येत जात होता, म्हणून तिने स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. आधी तिने आईला यंदाच्या परीक्षेचं आणि क्लासच्या मॅडमचं सांगितलं. मग मुलाखतीचं. मग सावित्रीबाई म्हणाल्या, "काल सर आले व्हते. त्यांना मी बोलले, त्यानं तुजं काय नुसकान झालं का गं?"

तृप्तीने अमोलकडे पाहिलं. "नाय, आई. काही नाय झालं."

"मॅडम हायेत का तुज्याजवळ? नायतर सर?"

मी मान हलवून हो म्हणणार होते. तृप्ती आमच्या दोघांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाय. मी एकटीच हाय."

"खरं?"

"खरं."

मग सावित्रीबाईंनी आवाज खाली घेतला. "मंग ऐक. तूच केलंस गं सगळं. मला म्हाईत नाय का? बाया बागांवर गेल्या की गट मोडायचा, तूच पाळ्या लावल्या. बयाबाई तुज्या अंगावर धावून आली तवा तू हात जोडून तिच्या दारात बसलीस, मी पाहिलं नाय व्हय? मी देवापुढं रोज म्हनते, माजी पोर नसती तर आमी अजून बाजारात नागली टाकून मोकळ्या हातानं घरी आलो असतो. पर ते सरांपुढं कसं सांगू? आपल्या तोंडानं आपल्या लेकराचं? दृष्ट लागती."

तृप्तीने ओढणी तोंडावर दाबली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज तिने येऊ दिला नाही, कारण ती एकटी होती आणि एकटं माणूस कशाला रडेल. अमोल खिडकीबाहेर बघत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की हे रेकॉर्ड झालं असतं तर. मग माझी मलाच शिसारी आली.

"ऐकतीस का?" पलीकडून आवाज आला.

"ऐकते, आई."

"कुनाला सांगू नको मी असं बोलले म्हनून."

"नाय सांगत."

फोन ठेवल्यावर तृप्तीने माझ्यापुढचं तिचं उत्तर ओढून घेतलं. सुरुवातीला तिने 'आम्ही गटाच्या माध्यमातून' असं काहीतरी लिहिलं होतं, आणि वर मीच त्याला छान म्हणून खूण केली होती. ते तिने खोडलं आणि लिहिलं: हा गट मी टिकवला. शेवटी एक ओळ वाढवली: पाकिटावरचं लेबल दुसऱ्या एका मुलाने केलं आहे आणि ते चांगलं आहे. अमोलने ती ओळ वाचली. त्याने आपल्या उत्तरात फक्त लेबल ठेवलं. मी दोन्हींतला एकही शब्द बदलला नाही. माझ्या धंद्यात असं फार कमी वेळा होतं.

मुलाखती मार्चमध्ये झाल्या. तृप्तीला त्यांनी विचारलं की तुमच्या या कामाची खात्री कुणाकडे करायची. ती म्हणाली, "कुणाकडेही करा, तुम्ही बाहेरचे आहात, ते माझं नाव घेणार नाहीत. पण दिवाळीनंतर कधीही जा, चूल पेटलेली दिसेल आणि सत्त्व दळलं जात असेल." त्यावर एक जण हसला आणि एकाने काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर तिने मला फोन केला. "बहुतेक गेलं, मॅडम," म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तिला पोहे खाऊन झोप असं सांगितलं.

मेमध्ये यादी लागली. तृप्तीचं नाव होतं. मी ते दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून परत वाचलं, आणि टेबलावर डोकं ठेवून थोडा वेळ तशीच बसले. किती वर्षांनी मला कुणाच्या प्रवेशाचा असा आनंद झाला होता. अमोलला तिथे मिळालं नाही, पुण्याला मिळालं. त्याचे वडील अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. अमोल मात्र जाण्याआधी पाड्यावर जाऊन नवं लेबल देऊन आला, आणि या वेळी सत्कार नको म्हणून सांगूनच गेला. बायांनी तो केलाच.

मलाही बोलावणं होतं. तृप्ती म्हणाली, "आईनं सांगितलंय, मॅडमना आणल्याशिवाय येऊ नको." ऊन मी म्हणत होतं. कमरेचं दुखणं सांभाळत मी गेले. अंगण सारवलेलं होतं, मला खुर्ची दिली, बाकी सगळ्या खाली बसल्या. बयाबाईने मला कुंकू लावलं. शाल आली. सावित्रीबाई माइक घेऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "आमच्या पोरीला काय येत नव्हतं. तिला हितवर नेलं ते मॅडमनी. सगळं मॅडमनीच केलं."

बायांनी टाळ्या वाजवल्या. सावित्रीबाईंच्या मागे तृप्ती नारळाचं ताट धरून उभी होती. आमची नजरानजर झाली. ती हसली नाही, मीही हसले नाही. काय करावं मला समजत नव्हतं. उठून म्हणावं का, की बाई, मी काही केलं नाही, तुमच्या मुलीने केलं? मग त्या म्हणणार, कसलं मॅडम, तिला काय कळतंय.

मी नारळ हातात घेतला. अंगणात सगळ्या माझ्याकडे इतक्या मायेने बघत होत्या की, खरं सांगते, क्षणभर मलाही ते पटलं.